गप्प बसण्याची पदविका

सल्लाताई हे नाव त्यांना कार्यालयातल्या लोकांनी पाठीमागे ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ठेवणारे त्याला टोमणा समजत, सल्लाताई हुद्दा समजत. त्यामुळे दोन्ही पक्ष समाधानी होते.

त्यांचं काम म्हणजे नवं बाळ आलेल्या घरी जाऊन आईबापांना मदत करणं. खांद्याला पिशवी, पिशवीत प्रात्यक्षिकाची रबरी बाहुली. बाहुलीचा डावा हात दर चार घरांमागे एकदा निखळे. "खऱ्या बाळाचा असा निखळत नाही हं," असं सल्लाताई धीर द्यायला म्हणत, आणि नवे बाप तेव्हाच किंचित पांढरे पडत. दारात चपला काढता काढताच त्यांना घरातलं सगळं चुकलेलं दिसे. पाळणा खिडकीच्या फार जवळ, उशी नको तिथे, दुपटं घट्ट, आई सैल. बाळं त्यांना मनापासून आवडत. बाळं उलटून बोलत नाहीत.

कामाची वेळ संपली म्हणून ज्ञान संपत नाही. बसथांब्यावर अनोळखी बाईच्या कडेवरचं मूल जांभई देऊ लागलं, की सल्लाताई त्या बाईला मुलाच्या झोपेचं वेळापत्रक लावून देत. ती बाई आपली बस सोडून मागच्या बसने जाई, असं म्हणतात. घरी नवरा होता. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून दिलेल्या या माणसाची घरातली हद्द सल्लाताईंनी उघड्या वर्तमानपत्राएवढी ठेवली होती, आणि तो त्या सातबाऱ्यावर सुखाने राहत होता.

अशा स्थितीत कार्यालयात नव्या साहेबीणबाई आल्या. नवे साहेब आले की खुर्च्या बदलतात, या साहेबीणबाईंनी माणसं बदलायला काढली. बाळ-कुटुंब विभागातल्या सगळ्या ज्येष्ठांनी एक पदव्युत्तर पदविका करायची, दोन वर्षं, अर्धवेळ, दर शनिवारी, असं फर्मान निघालं. सल्लाताईंना वाटलं, आपल्याला शिकवायला बोलावताहेत. वर्गात पोचल्यावर त्यांनी आधी फळ्याजवळची खुर्ची शोधली.

फळा होता, पण त्यावर आदल्या संध्याकाळच्या हिशेबतपासनीसांच्या क्लासचा अर्धवट पुसलेला ताळेबंद होता. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, मध्ये शेकोटी पेटवायची राहून गेल्यासारख्या. शेकोटीच्या जागी स्टुलावर कागदी रुमालांचा खोका होता. तो कशासाठी, हे सल्लाताईंना तेव्हा कळलं नाही. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान होत्या आणि इतक्या हळू बोलत की सगळ्यांना पुढे वाकावं लागे. त्यामुळे प्रत्येक वाक्य महत्त्वाचं वाटे. ही युक्ती सल्लाताईंनी मनात टिपून घेतली.

"प्रत्येकाला एक घर मिळेल," मॅडम म्हणाल्या. "तिथे नुकतंच बाळ झालेलं असेल. आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी जायचं, तासभर बसायचं, बाळाकडे बघायचं. घरी येऊन जे दिसलं ते लिहायचं आणि इथे वाचायचं."

"बरं. आणि सल्ला कधी द्यायचा?" सल्लाताईंनी विचारलं.

"द्यायचा नाही."

"म्हणजे पहिल्या वर्षी नाही."

"दोन्ही वर्षी नाही."

"आणि आई चुकत असेल तर?"

"तर आई चुकत असेल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाळाला खरा धोका असेल तर अर्थातच उठा. पण बाळाला धोका असणं वेगळं आणि आपल्याला खाज सुटणं वेगळं. तो फरक ओळखायलाच आपण इथे आलोय."

शेजारी बालरुग्ण विभागातली एक जाडजूड परिचारिका बसली होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. ती कानाशी कुजबुजली, "ताई, तुम्हाला भूल देऊनच पाठवावं लागणार."

घरी नवऱ्याने माहितीपुस्तिका सावकाश वाचली आणि चष्मा काढला. "म्हणजे हे लोक तुला दोन वर्षं गप्प बसायला शिकवणार?"

"निरीक्षण म्हणतात त्याला."

"आपलं लग्न झालं तेव्हा नव्हता का गं हा कोर्स?"

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. लेकीला सातवा महिना होता, आणि सल्लाताईंनी आपली सगळी शिल्लक रजा याच कारणासाठी जपून ठेवली होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांवर तालीम केल्यावर आता घरचा प्रयोग होता.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस," लेक म्हणाली. या वाक्याने सुरुवात झाली की पुढे काय येतं, ते कळायला पदविका लागत नाही.

"बोल."

"बाळ झालं की सुरुवातीचे महिने ह्यांच्या आई येताहेत. राहायला."

"आणि मी?"

"तू ये ना. रविवारी. तासभर."

"तासभर? मी आई आहे का मीटर बघायला येणारी?"

मग लेक म्हणाली, "बघ आई, तू आलीस ना की मला वाटतं तपासणी आलीये. पाळणा अजून खोक्यात आहे, आणि त्याचं तोंड कुठे हवं ते तू फोनवर सांगून झालंय. मी काहीही केलं तरी ते आधीच चुकलेलं असणार, असं वाटतं गं मला."

सल्लाताईंच्या तोंडी याच्यावर उत्तम सल्ला आला होता. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

विहीणबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले आणि मध्ये बोलल्या नाहीत, एवढीच त्यांची पात्रता. बालसंगोपनावरचं एक चतकोर पानही त्यांनी वाचलेलं नव्हतं. एकच मुलगा वाढवला होता, तोही जवळजवळ आपोआप. आणि अशा बाईच्या हाती नातवंड जाणार, अन् शहरातल्या अर्ध्या बाळांना मार्गी लावलेल्या आजीला मात्र रविवारचा तास! लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ठीक. पण इथे कोरड्या पाषाणाला घरात येऊच देत नव्हते. नोकरी, पदविका, साहेबीणबाई सगळं राहिलं बाजूला. सल्लाताईंना त्या एका घराचं दार उघडून हवं होतं.

निरीक्षणासाठी मिळालेलं घर एका लाँड्रीच्या वर होतं. खाली इस्त्रीची वाफ, वर तीन आठवड्यांचा मुलगा आणि त्याची चष्म्याच्या दुकानात काम करणारी, सध्या रजेवर असलेली आई. दर मंगळवारी सल्लाताई खुर्चीवर बसत, हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या तासात त्यांना एकंदर अकरा सूचना सुचल्या. त्या सगळ्या त्यांनी गिळल्या, आणि घरी येईपर्यंत त्यांना करपट ढेकर येऊ लागले. त्या आईने बाळाला एकदा उलट्या बाजूने दुपट्यात गुंडाळलं तेव्हा तर सल्लाताईंनी खुर्चीचे दोन्ही हात असे धरले, जसे दंतवैद्याकडे धरतात. बाळ मात्र त्या उलट्या दुपट्यात गाढ झोपलं, सल्लाताई निघाल्या तेव्हाही त्याने डोळा उघडला नव्हता. हा त्यांना बाळाचा उद्धटपणा वाटला.

महिन्या-दीड महिन्याने आईची पाठ वळलेली असताना बाळ पलंगाच्या कडेकडे सरकलं. कड अजून वीतभर लांब होती. हा धोका, की खाज? सल्लाताईंनी विचार केला, आणि विचार चालू असतानाच त्यांचा हात आपण होऊन उठून कडेखाली जाऊन उभा राहिला. बाळ थांबलं. आई आली, बाळाला तिने आत सरकवलं, झालं. शनिवारी सल्लाताईंनी हे वाचून दाखवल्यावर त्या हातावर चहाच्या सुट्टीपर्यंत चर्चा झाली. हात कोणाचा होता? सल्लाताईंचा की सल्लाताईंच्या आईचा? तो बाळासाठी गेला की सल्लाताईंसाठी? वर्गातले भाषाउपचार करणारे गृहस्थ म्हणाले की, तो हात ऐकून आपल्याला आपले वडील आठवले, आणि त्यांनी खोक्यातला रुमाल घेतला. खोका कशासाठी, ते तेव्हा कळलं.

"आणि तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटलं?" मॅडमनी विचारलं. त्या प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, हेच विचारत.

"मला वाटलं, बाळ पडेल."

"हो. पण तुम्हाला काय वाटलं?"

"पडू नये, असं वाटलं," सल्लाताई म्हणाल्या. सिस्टर पदर तोंडाला लावून खोकली.

यथावकाश लेकीला मुलगी झाली. बाळबाळंतीण घरी आल्यावर पहिल्याच रविवारी सल्लाताई नवऱ्याला घेऊन गेल्या. बसमध्ये त्यांनी निश्चय केला. लेकीला सल्ला नको ना? ठीक. आपल्याकडे आता शास्त्र आहे. शब्द काढायचा नाही, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. बसायचं आणि बघायचं.

त्या बसल्या आणि त्यांनी बघितलं. नात विहीणबाईंच्या छातीवर पालथी पडून झोपली होती आणि विहीणबाई तिच्या पाठीवर थापटत कुठलंसं जुनं गाणं चुकीच्या चालीवर म्हणत होत्या. लेकीने विचारलं, "आई, चहा?" सल्लाताईंनी मान हलवली. जावयाने विचारलं, "प्रवास नीट झाला ना?" मान हलवली. "कोणावर गेलीये हो?" विहीणबाईंनी कौतुकाने विचारलं. सल्लाताईंनी नातीकडे लक्षपूर्वक पाहिलं आणि, लाँड्रीवरच्या घरी शिकल्याप्रमाणे, मंद, तटस्थ हसल्या. मध्येच आतून लेकीने "आई!" अशी हाक मारली. दोघीही उठल्या. हाक विहीणबाईंना होती. सल्लाताई खाली बसल्या आणि तास पुरा झाल्यावर घड्याळाकडे बघून उठल्या.

"फारच छान झालं," बसमध्ये त्या नवऱ्याला म्हणाल्या. "एक शब्द बोलले नाही."

"ते सगळ्यांच्या लक्षात आलं," नवरा म्हणाला.

पुढचे रविवारही असेच गेले. आता या देशोदेशीच्या विद्वानांनी तपासून पाहिलेल्या पद्धतीत एक बारीकशी उणीव होती. ती परक्या घरांसाठी होती. लाँड्रीवरच्या घरी कोणी बाई तासभर गप्प बसली तर त्या बाईचं शिक्षण चालू असतं. स्वतःच्या लेकीच्या घरी आई तासभर गप्प बसली तर त्याला अबोला म्हणतात, आणि त्याचा अर्थ लावायला कुठल्याही लेकीला मॅडम लागत नाहीत. लेकीने वडिलांना फोन केला. "बाबा, आईने माझ्याशी बोलणं टाकलंय का?"

"नाही गं. अभ्यास करतेय ती."

"कसला?"

"ते तिलाच विचार. आणि विचारशील तेव्हा मी असणार नाही, एवढं बघ."

पण तो होता. त्या रविवारी नात रडत होती आणि विहीणबाई खाली औषध आणायला गेल्या होत्या. लेक बाळाला खांद्यावर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती. केस विस्कटलेले, गाऊनचं बटण खालीवर लागलेलं. सल्लाताई खुर्चीत बसून बघत होत्या.

"बोल ना काहीतरी!" लेक एकदम थांबून म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही! मी चुकतेय म्हण. कशी धरलीये म्हण. असं टक लावून बघण्यापेक्षा तुझं बोलणं परवडलं. काय केलंय मी तुझं? त्यांना बोलावलं म्हणून हे चाललंय ना?"

"अगं, राग नाही तो," सल्लाताई घाईने म्हणाल्या. "ती पद्धत आहे. निरीक्षणाची. कोर्सला शिकवतात. दर आठवड्याला तासभर बसायचं, मध्ये पडायचं नाही, आणि मग—"

"आणि मग?"

"मग लिहायचं," सल्लाताई म्हणाल्या. खरं बोलायची वेळ निवडण्यात त्या कधीच चोख नव्हत्या.

लेकीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "म्हणजे मी तुझा गृहपाठ आहे."

"तुझ्याबद्दल नाही लिहिलं गं! ते लाँड्रीवरचं घर आहे, तिथलं—"

"बाबा, तिला घेऊन जा. आणि आई, पुढच्या रविवारी येऊ नकोस. मी सांगेन तेव्हा ये."

नवऱ्याने चपला पुढे करून ठेवल्या. परतीच्या बसमध्ये सल्लाताईंसमोर एक बाई कडेवर मूल घेऊन बसली होती. मूल टोपीची नाडी चघळत होतं. सल्लाताईंनी त्या बाईला काहीही सांगितलं नाही. नवऱ्याने हे पाहिलं आणि खिडकीजवळची जागा त्यांना दिली.

शनिवारी वाचायची पाळी सल्लाताईंची होती. त्यांनी लाँड्रीवरच्या बाळाचा कागद काढला, दोन ओळी वाचल्या, आणि कागद मांडीवर ठेवून लेकीच्या घरातलं सांगायला लागल्या. हे नियमात बसत नव्हतं. घरची माणसं वर्गात आणायची नाहीत, असं माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं. भाषाउपचारवाल्यांनी ते मॅडमच्या नजरेला आणून देण्यासाठी हात वर केला, सिस्टरने तो खाली केला.

सगळं सांगून झाल्यावर मॅडम नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं की मुलगी दमलीये, बाळाला गॅस—"

"तुम्हाला."

सल्लाताई फळ्यावरच्या ताळेबंदाकडे बघत राहिल्या. "मला," त्या म्हणाल्या, "नात घ्यायची होती. इतके रविवार झाले, मी अजून तिला हातात घेतलेलं नाही. तिथे सगळे घेतात. पोस्टमनने पण घेतली म्हणे."

"त्यांनी तुम्हाला दिली नाही?"

"मी मागितली नाही."

"का?"

"मागायची कशी?" सल्लाताई चिडून म्हणाल्या. "मी कुणाकडे काही मागायला जात नाही. मी द्यायला जाते. वीस वर्षं. सांगायचं असलं की सांगता येतं. नाहीतर मग गप्प बसता येतं, तेही शिकवलंत तुम्ही. पण दे गं माझ्याकडे जरा, असं... आणि नाही म्हणाली तर?"

"अहो, मग मागा ना एकदा!" मॅडम म्हणाल्या. "फोन करा आणि मागा. सरळ."

मॅडमचे कान हळूहळू लाल झाले. भाषाउपचारवाल्यांनी अविश्वासाने चष्मा पुसला. सिस्टरच काय ती बोलली. "मॅडम," ती अतिशय आदराने म्हणाली, "हा सल्ला झाला."

"चहाची सुट्टी घेऊ या," मॅडम म्हणाल्या. सुट्टीला अजून बराच वेळ होता.

सल्लाताईंनी जिन्यात उभं राहून फोन लावला. लेकीने उचलला.

"मी बोलतेय," सल्लाताई म्हणाल्या. "काही सांगायला नाही केला फोन."

"मग?"

"मला ती हातात घ्यायचीये. थोडा वेळ. तू म्हणशील तितका. देशील का?"

सल्लाताईंनी फोन कानापासून काढून, चालू आहे की बंद, ते बघितलं.

"तू मला विचारतेस?" लेक म्हणाली.

"हो. तुझीच आहे ना ती. तुलाच विचारायला हवं."

"आत्ता ये," लेक म्हणाली. "झोपून उठलीये. बाबांना नको आणूस, ते नुसते चपला सांभाळतात."

सल्लाताई उरलेला वर्ग बुडवून गेल्या. दार लेकीने उघडलं. विहीणबाई आत ओट्याशी काहीतरी खुडबुड करत होत्या आणि मुद्दामच तिथे करत होत्या. खुर्चीत बसू म्हणून सल्लाताई वळल्या तेवढ्यात लेक म्हणाली, "हात धुतलेस?"

"बसमधून आले खरी—"

"मग आधी धू. साबणाने. बोटांच्या मधे पण." सल्लाताई हात धुऊन आल्या. "अंगठी काढ. टोचते तिला. खुर्चीत नको, तिथे वारा येतो, इथे पलंगावर बस. मागे टेक. तसं नाही, अजून मागे. हात असा. कोपर वर. मान सांभाळ हं आई, मान अजून धरत नाही ती."

"बरं," सल्लाताई म्हणाल्या. नातीची मान पंधरा दिवसांपूर्वीच धरायला लागली होती, हे त्यांनी खुर्चीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आणि हलवू नकोस फार. तिला डावी बाजू आवडते. डावी म्हणजे तुझी नाही, तिची. हां. आणि डोळ्यांत एकदम बघू नकोस, घाबरते."

यातल्या निम्म्या गोष्टी साफ चूक होत्या, आणि उरलेल्या निम्म्या या वयाच्या कुठल्याही बाळाला लागू नव्हत्या. विहीणबाई ओट्यावरून डोकावून म्हणाल्या, "बाई बाई, मला पण पहिल्या दिवशी अस्संच सांगितलं हो हिने सगळं. कुठे शिकली काय माहीत!" सल्लाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. विहीणबाईंचा चेहरा टेलिफोन खात्याला शोभेल इतका निर्विकार होता.

नात जड होती. दुपट्यातून दिसते त्यापेक्षा बरीच जड. तिने सल्लाताईंच्या हनुवटीकडे थोडा वेळ पाहिलं, तोंड वाकडं करून पाहिलं, मग तो विचार सोडून दिला आणि त्यांच्या ब्लाउजच्या बाहीवर भडाभडा ओकली.

"बघ! सांगितलं होतं, कोपर वर ठेव!" लेक म्हणाली आणि फडकं आणायला धावली.

"हो गं. खाली आलं ते," सल्लाताई म्हणाल्या, आणि कोपर वर घेतलं.

बाही पुसता पुसता लेक त्यांच्या शेजारी पलंगावर टेकली. मग आडवी झाली. "मी पाचच मिनिटं डोळे मिटते," ती म्हणाली, "तू हलू नकोस." आणि मग डोळे मिटलेलेच ठेवून, "मंगळवारी काय करतेस? रविवारी जमणार नाही, हे घरी असतात. मंगळवारी ये. सकाळीच ये. जेवायला थांब."

"मंगळवारी लाँड्रीवरचं—" सल्लाताई म्हणता म्हणता थांबल्या. "येते," त्या म्हणाल्या.

लेक झोपली होती. सल्लाताईंच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या आणि बाहीचा वास येत होता. विहीणबाईंनी लांबूनच खुणेने विचारलं, घेऊ का मी? सल्लाताईंनी मान हलवली. नको.